आत्मे कोणत्या घड्याळानं येतात

हिउमा बेट, नोव्हेंबर १९८९

आर्मिल्डेताई,

धाकट्या मेएताचा नमस्कार. थोरल्या बहिणीला लिहिताना आधी तब्येत विचारायची, तशी विचारते. (या वेळी नुसती रीत म्हणून नाही, पण ते शेवटी.) माझा गुडघा आणि गाय दोन्ही कुरकुरतात, बाकी ठीक.

यंदा इकडे सगळंच उलटंपालटं झालंय. फेब्रुवारीत राजधानीत, तालिनच्या बुरुजावर आपला निळा-काळा-पांढरा झेंडा चढला. शेजारचा एवाल्द चाळीस वर्षं कम्युनिस्ट पार्टीची पोपटपंची करत होता, तो आता छातीवर तेच तीन रंग लावून मला देशभक्ती शिकवतो. आणि वसंतात आपण मॉस्कोची वेळ सोडून आपली जुनी वेळ परत घेतली. रशियन आले त्या उन्हाळ्यात तासभर पुढे ढकललेले काटे एकदाचे जागेवर आले. मला वाटलं, गायीखेरीज कुणाला फरक पडणार नाही. (तिला दुधाची वेळ कळेना, लाथ मला बसली.)

मग आत्म्यांचे दिवस आले. आपली पद्धत मी कधी मोडली नाही. संध्याकाळी सातला डुकराचं डोकं, जवाची लापशी, उकडलेले वाटाणे मांडायचे, गेलेल्यांना नावानं हाक मारून गप्प बसायचं, आठला आवरायचं, आणि "जेवलात, आता रस्त्यानं जा, पेरलेलं शेत तुडवू नका" म्हणून दार उघडायचं. दरवर्षी भांडी विसळताना पाठीमागे बाक सरकल्याचा आवाज यायचा. तो मी उंदरांच्या नावावर घातला होता, आणि त्यापायी एकेका मांजराला आळशी म्हणून शिव्या दिल्या.

यंदा एवाल्द कुंपणावरून म्हणाला, "मेएता, आत्मे कोणत्या वेळेनं येतात गं? आमची म्हातारी आई जुन्या राज्यातच वारली. तिला मॉस्कोची वेळ कोण सांगणार?"

"तुझ्या पार्टीत आत्मे नव्हतेच ना?"

"नव्हते. पण आता पार्टीचंच काही खरं नाही."

मी हसले, आणि मग माझ्या ध्यानात आलं. आईबाबाही रशियन येण्याआधीच गेलेले. म्हणजे इतकी वर्षं ते बिचारे आपल्या साताला यायचे, तेव्हा इथे आठ वाजलेले आणि मी टेबल पुसत असायची. मला फार रडू आलं.

म्हणून यंदा नव्या (म्हणजे जुन्या) साताला तीन ताटल्या मांडल्या: बाबांची, आईची आणि माझ्या नवऱ्याची, याकोपची. (तो मॉस्कोच्या वेळेत मेला, पण जिवंतपणीही कधी वेळेवर जेवायला आला नाही.) हाका मारल्या, डोळे मिटले. बाक सरकलं. मांजर शेगडीखाली शिरलं. खोली गार पडली आणि चमचे वाजू लागले, सावकाश, भुकेल्या माणसांनी लाजत जेवावं तसे. खरं सांगते, भीती वाटली नाही, बरं वाटलं. डोळे उघडले तर बाबांच्या ताटलीतला डुकराचा कान तेवढा गेलेला, आईची लापशी चाटूनपुसून साफ.

तिसरी ताटली तेवढी विचित्र होती. चमचा डावीकडे ठेवलेला, आणि वाटाण्यांची सालं सोलून काठावर ओळीनं लावलेली. याकोप सालंच काय, शेंगाही खायचा.

तुझी,
मेएता

ता. क. नाताळला येते म्हणाली होतीस, देश सोडल्यावर पंचेचाळीस वर्षांनी. तुझ्या खोलीला चुना मारून ठेवलाय. पण उन्हाळ्यापासून तुझं पत्र नाही.

आणखी एक. डाव्या हातानं जेवतेस आणि वाटाणे सोलत बसतेस म्हणून आईचा मार खाणारी घरात तू एकटीच होतीस. हे पत्र मिळताच दोन ओळी पाठव. शिव्या घातल्यास तरी चालेल.

आणि लिहिणं जमण्यासारखं नसेल, तर राहू दे. पुढच्या वर्षीपासून वाटाणे मी सोलूनच ठेवीन.