अर्धं पुस्तक तनूकडं, अर्धं श्रावणीकडं

३० ऑक्टो., गुरु.

पिशवी जड. मालतीताईंनी आज नवीन तीन टाकली. वलवणला त्यांच्या गॅरेजात गाडी कधीच नव्हती, नुसती पोरांची पुस्तकं. शाळेतून रिटायर झाल्यापासून हेच. दर गुरुवारी मी ती आंदर मावळात वरच्या वाडीला न्यायची, वाचून दाखवायची, जुनी परत आणायची. पावसाळ्यापासून करतेय, म्हणजे माझ्या मानानं लय झालं. चिक्कीच्या दुकानात एवढी टिकले नव्हते. कॉलेजात तर

एसटीतून एक थांबा आधीच उतरले. ओढ्यात एक माणूस खेकडे धरत होता, ते बघत बसले. वाडीत पोचेपर्यंत देवळाच्या पायरीवर पोरं कंटाळून गेलेली.

नव्यातलं एक मजेदार. गोगलगाय आणि नाकतोडा दोस्त, दोघं डोंगर चढायला निघतात. तिला घाई नाही, त्याला दम नाही. चार पानं वाचली. मला नाकतोडाच आवडला.

तनू आणि श्रावणी आज लांब लांब बसल्या. सख्ख्या चुलत बहिणी, दोघी चौथीत. एरवी तनू वाचणार आणि श्रावणी तिच्या खांद्यावर डोकं टाकून ऐकणार. कारण आबांनी सांगितलं. आबा म्हणजे दोघींचे आजोबा. दिवाळी झाली आणि दोन्ही लेकांनी वाटणी केली. ओट्याच्या मधोमध विटांची भिंत घातली. पोरींनाही ताकीद, बोलायचं नाही.

"मला बी वाटलाय की," आबा म्हणाले. "पंधरा दिस थोरल्याकडं, पंधरा दिस धाकट्याकडं. भाकरी दोन्हीकडं सारखीच करपल्याली."

हसावं की नाही कळेना. हसले.

२ नोव्हें., रवि.

भुशीला गेले, काही कारण नाही. पिंट्या भेटला. दोघं एका कँपवर तंबू लावायचो. आता गोव्याला चाललाय, बीचवरच्या हॉटेलात, सीझनभर. "चल की सुमे. हितं काय ठेवलंय?" हितं काय ठेवलंय ते खरंच आठवेना. विचार करते म्हणाले. मग एका पर्यटकाचा टोपीपायी माकडाशी झगडा चाललेला, तिकडं गेले.

आईला अजून सांगितलं नाही.

६ नोव्हें., गुरु.

एक कांड केलं आज. वाईट नसावं. की

कापणी चाललीय. मोठी माणसं खाचरात, वाडीत पोरं आणि आबा. गोगलगायीचं पुस्तक पुन्हा काढलं, पण खाली एसटी येऊन वळायला लागली तेव्हा मी जेमतेम मधल्या पानावर. ते पान म्हणजे दोन्हीकडं पसरलेलं एकच चित्र. मधून ओढा. डाव्या काठाला गोगलगाय, उजव्या काठाला नाकतोडा. डावीकडचं वाक्य संपलेलंच नाही, 'पलीकडून नाकतोडा म्हणाला,' आणि पुढचं उजव्या पानावर. मी पुस्तक मिटलं.

घरी न्यायला तनूनं एक टोक धरलं, श्रावणीनं दुसरं. एकमेकींशी अक्षर नाही, दोघी मलाच सांगतायत. तिला सोडायला सांगा. तिलाच सांगा. मी म्हटलं या आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात दुसरी. दोघींना पटेना. मग तनू एकदम म्हणाली, "वाटणी करून द्या ताई." अगदी साधं बोलली. गाय एकाकडं, वासरू दुसऱ्याकडं, तसं पुस्तक.

मलाही पटलं. एसटीवाला हॉर्न मारतोय. आबांच्या विळ्याचं टोक घालून पिना उचकटल्या आणि मधल्या घडीवरून विळा ओढला. डावं तनूला, उजवं श्रावणीला. ओढा बरोबर मधोमध फाटला. पळत एसटी गाठली.

खिडकीशी बसल्यावर वाटलं, भारीच डोकं चाललं आपलं. तनूला शेवट पाहिजे तर श्रावणीकडं जावंच लागणार. श्रावणीला सुरुवात पाहिजे तर तनूकडं. भिंतीला काय, वळसा घालता येतो.

७ नोव्हें., शुक्र.

मा.ताईंना सांगितलं. हौसेनंच सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग विचारलं, "एसटी उभी होती का गं तेव्हा?"

हो म्हटलं. त्या पुस्तकांना कव्हरं घालत बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१३ नोव्हें., गुरु.

कुणी कुणाकडं गेलं नाही.

तनूनं स्वतःच शेवट केला. नाकतोडा पाण्यात पडला, गोगलगाय घरी आली, संपलं. श्रावणीनं स्वतःच सुरुवात केली. तिच्या गोष्टीत नाकतोडा पहिल्यापासून एकटाच आहे आणि गोगलगाय कुणीतरी परकी, मागून येऊन चिकटते. वाडीतल्या पोरांत दोन पार्ट्या. देवळाच्या पायरीवर अर्धी इकडं, अर्धी तिकडं. आज मी वाचायला बसले तर आधी कुणाची गोष्ट खरी ते सांगा म्हणे.

आणि हे पोरांत राहिलं नाही. नळावर तनू म्हणाली की नाकतोडा मेला तेच बरं झालं, लय उड्या मारायचा. श्रावणीच्या आईला वाटलं, बोलणं तिच्या नवऱ्यावर आहे, कारण तो धाकटा आणि वाटणी त्यानंच मागितलेली. दोघी जावांचं वाजलं. हंडे तसेच राहिले.

श्रावणीची आई मला बघून भाऱ्यावरून उठली. आवाज चढवला नाही. "बाई, आमच्यात भिताडं कमी व्हती का? पोरी निदान चोरून बोलायच्या, गोठ्यामागं. तुमी त्येंच्यात बी वाटणी घातली."

चोरून बोलायच्या. मला माहीतच नव्हतं.

एसटीची वाट न बघता चालत सुटले. फाट्याच्याही पुढं गेले, मग दुधाच्या टेम्पोनं घेतलं.

१६ नोव्हें., रवि.

पिंट्याला हो सांगितलं. २८ ला सकाळी निघायचं. हलकं वाटलं. मग कामशेतला बाजारात उगाच फिरले, एक पिवळी छत्री घेतली, या दिवसांत. आई म्हणाली, डोकं ठिकाणावर आहे ना. गोव्याचं ऐकून विहारात निघून गेली. तिचं असं निघून जाणं म्हणजे

१९ नोव्हें., बुध.

झोप नाही. जायच्या आधी पुस्तक तरी जोडून द्यावं. सुई, जाड दोरा, फेव्हिकॉल घेतला. दोन्ही अर्धी मागून घ्यायची, शिवायची, मा.ताईंच्या कपाटात ठेवायची. मोकळी.

२० नोव्हें., गुरु.

दोघींनी दिलं नाही.

तनूनं तिचं अर्धं आईकडून गोधडीच्या दोऱ्यानं शिवून घेतलंय. श्रावणीच्या अर्ध्याला पुढचं कव्हर नव्हतं, तर तिनं लग्नपत्रिकेचा पुठ्ठा लावलाय, वर गणपती, खाली नाकतोडा काढलेला. ही दोन पुस्तकं झालीत आता.

तनू मला ओढत बाजूला घेऊन गेली. "ताई, ती पोचली का वो डोंगरावर?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला माहीत नाही. आठवडाभर पिशवीत वागवलं, दोनदा वाचायला घेतलं, मधल्या पानापुढं कधी गेलेच नाही. तसं बघितलं तर पिशवीतल्या किती पुस्तकांचा शेवट मला ठाऊक असेल. तनूला म्हटलं, श्रावणीला विचार. तिनं नाक उडवलं आणि गेली.

श्रावणीला विचारलं. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग आबांनी मला खळ्याकडं नेलं. ते आता तिच्या घरी राहायला आलेत, वळकटी काखेत मारून भिंतीच्या या अंगाला.

म्हणाले, रोज संध्याकाळी तनू तिच्या बाजूला मोठ्यानं वाचते, मुद्दाम, भिंतीला ऐकू जाईल असं. आणि ही पोर इकडं भिंतीला पाठ लावून बसते. सगळं ऐकते. 'पलीकडून नाकतोडा म्हणाला' आलं की हातातलं पान उघडते. आणि मिटते.

"तिला वाचाय येत न्हाई नीट. अक्षरं जुळत न्हाईत लवकर. शाळंत पोरं हसत्यात. म्हणून तर तनू वाचायची तिच्यासाठी."

म्हणजे शेवट जिच्या हातात दिला तिला तो वाचता येत नाही. ती गोष्ट चित्रांवरून केलेली. चित्रात नाकतोडा हिरवागार, मोठा. गोगलगाय कोपऱ्यात.

आणि तनूला हे ठाऊक आहे. ठाऊक असून रोज वाचते. चिडवायला की बोलवायला, आबांनाही सांगता येईना.

२२ नोव्हें., शनि.

मा.ताईंना विचारलं, शेवटी काय होतं. मा.ताई म्हणाल्या, मला माहिती आहे, पण आता ते श्रावणीकडं आहे, तिला विचार. मी म्हटलं, तिला वाचता येत नाही. तर म्हणे, येत नाही की वेळ लागतो? मग चहा ठेवायला आत गेल्या.

गोव्याचं सांगायचं होतं. सांगितलं नाही. लोणावळ्यापर्यंत चालत आले, धरणाच्या कडेनं. वाटेत एकदाही कुठं थांबले नाही, आणि असं का ते कळलं नाही.

२५ नोव्हें., मंगळ.

बॅग अर्धी भरली. पिंट्याचे दोन फोन. मोजे सापडेनात. पिवळी छत्री न्यावी का.

एक सुचलंय. मागच्या वेळीही सुचलंच होतं, म्हणून भीती.

२७ नोव्हें., गुरु.

लगेच लिहून ठेवते.

आज देवळात बसवलंच नाही पोरांना. त्यांच्या अंगणात नेलं. ओट्याला भिंत आहे, पण अंगण एकच आहे अजून, मळणी व्हायची म्हणून. पोरं एकत्र बसली, पार्ट्या विसरून, कारण ऊन नको होतं आणि सावली एकाच बाजूला होती. तनूला म्हटलं, तू तुझ्या ओट्यावरून वाच. श्रावणीला तिच्या ओट्यावर बसवलं. वाचायचं नसेल तर नको वाचू, नुसती बस, एवढंच बोलले. तिच्या हातात पुठ्ठ्याचं पुस्तक. दोघींना एकमेकी दिसत नाहीत, आम्हाला दोघी दिसतात.

दोघी जावा आपापल्या दारात भात पाखडत होत्या. कुणी नको म्हणालं नाही. या म्हणालं पण नाही.

तनूनं वाचलं. घाई केली नाही. पाठ असून शब्दावर बोट ठेवून वाचत होती, एरवी कधी ठेवत नाही. 'पाण्याच्या काठाशी गोगलगाय थांबली. पलीकडून नाकतोडा म्हणाला,' आणि थांबली.

सगळी पोरं मान फिरवून श्रावणीकडं. तिचा चेहरा लाल. पान उघडलं. मला वाटलं मिटणार. माझ्या तोंडात आलेलं, राहू दे बाळा, पुढचं मी वाचते. गिळलं. तिच्या आईचं सूप थांबलं. मग पलीकडचंही.

"मी," श्रावणी म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. "मी इ. इथ. इथंच."

एक पोरगं फिसकन हसलं. आबांनी नुसतं बघितलं, ते गप. भिंतीच्या त्या बाजूला तनू. तिला पुढचा शब्द ठाऊक नाही, पण अडलेलं सोडवायची सवय. तोंड उघडून बसली होती. मग दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं, गच्च.

"मी इथंच ब. बसतो. तू ये. तुझ्या. चा." आता तर खूपच वेळ. मी ओट्याच्या कडेला टेकलेली, पाय हलत होता, तो हातानं धरला. "चालीनं. तुझ्या चालीनं."

एवढं एक वाक्य. कपाळावर घाम. पोरं म्हणाली पुढं, पुढं. तिनं पुस्तक मिटलं. चिडून नाही, काम झाल्यावर विळा ठेवतात तसं.

"आज येवढंच. उरल्यालं पुढल्या गुरवारी."

पुढल्या गुरुवारी मी कुठं असणार? म्हटलं, अजून एकच पान बघ ना. ती मान हलवून नको म्हणाली. तेवढ्यात भिंतीपलीकडून तनूचा आवाज आला. मला नाही, पोरांना नाही.

"चालंल गं. दमानं."

श्रावणीच्या आईनं वर बघितलं. मी तयारी केली, आता ओरडणार. तिनं सूप उचललं आणि पाखडायला लागली.

कुणी भिंत पाडली नाही की काही नाही. तनूच्या वडिलांनी घरी आल्यावर, पोरं का जमलीत म्हणून विचारलं, आणि बैल बांधायला गेले. मला तर अजून शेवट माहीत नाही.

२८ नोव्हें., शुक्र.

पिंट्या खाली आलाय. गाडी चालूच ठेवलीय. आई म्हणते, त्याला वर तरी बोलव, चहा पिऊन जाईल. बॅग दारात. आज शुक्रवारच, पुढला गुरुवार अजून लांब.

जाऊन सांगते त्याला. काय सांगायचं ते जिना उतरेपर्यंत