रिकाम्या डब्याचा आवाज

४ ऑगस्ट

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझा नवरा काल स्टँडवर बस लावून पाच मिनिटं बेकरीत आला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून गेला. ड्रायव्हर माणूस, बातमीसुद्धा वेळापत्रकाप्रमाणे देतो. बाळाच्या लंगोटात रक्ताचे ठिपके दिसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तुझ्या खाण्यातलं दूध आणि सोयाबीन तिला सोसत नाही, तुझ्या अंगावरच्या दुधातून ते तिच्यापर्यंत पोचतं. तिला पाजायचं तर तू दोन्ही सोडायचं. आणि तू तिथल्या तिथे हो म्हणालीस.

तुझ्या सासूबाई लगेच यादी करायला बसल्या. दूध, दही, लोणी, तूप, चीज, बिस्किटं. अर्ध्या पानावर पेन ठेवून विचारतात, आता पोरीने खायचं काय? मी म्हटलं, माझा पाव आहे ना. त्यात दुधाचा थेंब नाही. पीठ, पाणी, मीठ, यीस्ट, चिमूटभर साखर आणि सूर्यफुलाचं तेल. तीस वर्षं हाच पाव आहे, गिऱ्हाईक बदललं, पाव नाही.

आठवड्यातून दोनदा तुझ्या नवऱ्याबरोबर पत्र्याचा डबा येईल. तो धुऊ नकोस, पत्रा गंजतो. कोरड्या फडक्याने पुसून परत पाठव आणि उत्तर आतच टाक. फोनवर पीठ मळायच्या मशीनपुढे मला काही ऐकू येत नाही, आणि मला आलं तर सगळ्या बेकरीला येतं.

इन्स्पेक्टरीणबाईंना मुका. तीन महिन्यांची आहे, पण हातात घेतलं की आधी माणसाची तपासणी करते.

लोभ आहेच. पावाबद्दल तक्रार असेल तर तीही येऊ दे.

बाबा

---

११ ऑगस्ट

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

डबा पोचला. एका पावाची कड डावीकडे जरा करपली होती, बाकी उत्तम. तक्रार मागितलीत म्हणून लिहिली.

छापखान्यातून रजा घेतली, पण मुद्रितं तपासायची सवय काही सुटत नाही. आता पाकिटं वाचते. बारीक अक्षर असलं की समजायचं, तिथेच काहीतरी लपलंय. चिप्समध्ये दुधाची पावडर निघाली, सूपच्या पाकिटात सोयाबीन. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने काल विचारलं की ताई, पाकीट वाचायला नेता का खायला. वाचून परत ठेवते म्हटलं, तर तो म्हणाला, मग वाचनालयाची फी लावतो.

एक वही केली आहे. डाव्या पानावर मी काय खाल्लं, उजव्या पानावर बाळाचा लंगोट काय म्हणाला. ठिपके अजून आहेत. डॉक्टर म्हणतात, काही आठवडे धीर धरा. संध्याकाळी मात्र भूक अशी लागते की मी ओट्याशीच उभी राहून डब्यात पाव कापते आणि जॅम लावून तीन तुकडे खाते. जगात ही एकच गोष्ट उरली आहे जी मी न वाचता खाते.

आईंना नमस्कार. माया अशीच पाठवत राहा, कड न करपवता.

तुमची सून

---

२ सप्टेंबर

चि. सौ. सूनबाईस,
आशीर्वाद.

नऊ दिवस डबा आला नाही त्याबद्दल रागावू नकोस. भट्टीच्या आतल्या विटा निखळल्या. मिस्त्री रोज येऊन भट्टीत डोकं घालायचा, हळहळायचा आणि उद्या येतो म्हणून जायचा. आज पहिला घाणा निघाला. पावाच्या बुडावर टिचकी मारली आणि पोकळ आवाज आला, तेव्हा जिवात जीव आला. इतर लोक पाव डोळ्यांनी बघतात, माझा भरवसा कानांवर.

तुझ्या नवऱ्याने एक गोष्ट सांगितली. छापखान्यातल्या तुझ्या साहेबांच्या निरोप समारंभात केक तूच कापलास म्हणे. साठ जणांना वाटलास, बोटाला क्रीम लागलं तर चाटलं नाहीस, नळाखाली धुतलंस. मग पर्समधून उकडलेला बटाटा काढून कोपऱ्यात बसून खाल्लास, वर दोघांना हसवलंस. सूनबाई, मी धंद्यात जिद्दीची माणसं पुष्कळ पाहिली. पण त्या प्रत्येकाला कुणीतरी बघत होतं. नळापाशी तुला कोण बघत होतं? तुझ्या सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मग मला विचारलं की तुम्ही कधी माझ्यासाठी चहा तरी सोडलात का.

ताजा डबा पाठवतो आहे. लोभ वाढत चालला आहे, कमी करता येत नाही.

बाबा

---

९ सप्टेंबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात लंगोट अगदी स्वच्छ होते. मी वहीत चार वेळा तसं लिहिलं, पुन्हा पुन्हा वाचायला बरं वाटत होतं. या आठवड्यात ठिपके परत आले. बाळाचं वजनही वाढलेलं नाही. डॉक्टरांनी पंधरा दिवस दिले आहेत. तोवर थांबलं नाही तर अंगावरचं बंद करून तिला डब्यातली खास पावडर द्यायची. त्यात वाईट काही नाही असं त्या म्हणतात आणि ते मला पटतंही. पण पंधरा दिवस आहेत तोवर ते माझे आहेत.

पाव नेहमीसारखा छान होता. पुढच्या आठवड्यात मात्र पाठवू नका, घरात बराच शिल्लक आहे.

आईंना नमस्कार. लोभ असू द्या.

तुमची सून

---

१२ सप्टेंबर

चि. सौ. सूनबाईस,
आशीर्वाद.

तुला एक गोष्ट ठाऊक नाही. तुझा डबा परत आला की मी तो उघडण्याआधी कानाशी धरून हलवतो. कितीही पुसला तरी झाकणाच्या दुमडीत चुरा अडकतो आणि आत खुळखुळतो. तेवढ्यावरून मला कळतं की पोरीने ओट्याशी उभं राहून खाल्लं. परवाचा डबा मुका होता.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. करपलेली कड कळवणारी सून, ‘नेहमीसारखा छान’ एवढ्यावर थांबली. तुला खोटं बोलता येत नाही, याबद्दल मला तुझा अभिमान आहे. भट्टी बंद होती ते नऊ दिवस मी बोटांवर मोजले आणि तुझ्या स्वच्छ आठवड्याशी लावून पाहिले. उठून कोठीत गेलो.

पिठाचं पोतं पाहिलं, तेलाचा डबा पाहिला, यीस्ट, साखर. सगळ्यांवरचं वाचलं. शेवटी हात गेला तो कोपऱ्यातल्या पावडरीकडे. पिठात दोन मुठी टाकल्या की पाव चार दिवस मऊ राहतो, हे मी पोरवयात उस्तादांकडून शिकलो. हात धुवावेत तशी ती टाकतो. तुला यादी दिली तेव्हा ती जिन्नस आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पिशवीवरचं तुझ्या सासूबाईंनी वाचून दाखवलं. तिसराच शब्द. सोयाबीनचं पीठ.

तीस वर्षांत या बेकरीत बरेच इन्स्पेक्टर आले. फरशी बघितली, जाळ्या बघितल्या, चहा पिऊन गेले. आमच्या चार महिन्यांच्या इन्स्पेक्टरीणबाईंनी घरबसल्या पिशवी पकडली. आणि तू दीड महिना बटाटे उकडून खात होतीस आणि नासधूस मी करत होतो, तेही प्रेमाने, आठवड्यातून दोनदा.

माफ कर, पोरी. हे मी माझ्या हाताने लिहितो आहे, तुझ्या नवऱ्याकडून निरोप पाठवलेला नाही.

बाबा

---

१६ सप्टेंबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही माफी मागितलीत आणि मी ओट्याशीच बसून रडले. बाळाने माझी तपासणी केली आणि ती हसली.

वहीची दोन पानं शेजारी ठेवली तेव्हाच मला शंका आली होती. यांचं म्हणणं पडलं की आधी खात्री करू, बाबांना आत्ता कळलं तर ते जेवायचे नाहीत. मलाही एका वहीवरून तुमच्या तीस वर्षांच्या पावावर बोट ठेवायचं जिवावर आलं. मुद्रितात शंका आली तर मी आधी पेन्सिलने खूण करते, शाई मागाहून. म्हणून तो पाव न कापता शेजारच्या नर्सबाईंना दिला. त्या छान म्हणाल्या, म्हणजे तेवढं खोटं नव्हतं.

पाव बंद करून दहा दिवस झाले. कालपासून ठिपका नाही. अजून पेन्सिलनेच लिहिते आहे.

तुम्ही जेवता आहात ना, ते आईंनी खाली एका ओळीत लिहून पाठवावं. तुमच्यावर माझा विश्वास नाही. लोभावर आहे.

तुमची सून

---

२० सप्टेंबर

चि. सौ. सूनबाईस,
आशीर्वाद.

पावडर बंद केली, सगळ्याच घाण्यांतून. मशीन तीनदा धुतलं, कोठी झाडली, ट्रे उकळत्या पाण्यातून काढले. नवा पाव दुसऱ्या दिवशी जरा कडक होतो. निवृत्त हेडमास्तर तक्रार घेऊन आले की दातांना काम पडतं. मी म्हटलं, सर, दात आहेत तोवर करू द्या. ते पाव घेऊनच गेले.

काउंटरवर पाटी लावली आहे, पावात जे जे पडतं ते सगळं मोठ्या अक्षरांत. सोबत तिची नक्कल आणि प्रत्येक पिशवीवरची चिठ्ठी कापून पाठवतो. तपासून दे. पाव डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय तोंडात घालू नकोस. आणि त्या हो म्हणाल्या तरी आधी पेन्सिलनेच खा.

बाबा

(हे दोन्ही वेळा जेवतात. मधूनही खातात. तुझी आई.)

---

६ ऑक्टोबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पंधरा दिवस केव्हाच संपले. डॉक्टरांनी वही वाचली, वजन केलं, वही पुन्हा वाचली आणि पाजत राहा म्हणाल्या. खास पावडरीचं नावही काढलं नाही. दूध आणि सोयाबीन आणखी काही महिने बंदच, मग थोडं थोडं देऊन पाहू. कोऱ्या चहाची आता इतकी सवय झाली आहे की दुधाचा चहा दिसला की तो आजारी वाटतो.

तुमची पाटी तीनदा तपासली. एकही चूक सापडली नाही, जरा वाईटच वाटलं.

नव्या पावाला डॉक्टरांनी होकार दिला त्याला दहा दिवस झाले. वहीचं उजवं पान फाडून सोबत ठेवते आहे. दहाही ओळी स्वच्छ आहेत, आणि शाईने लिहिल्या आहेत.

इन्स्पेक्टरीणबाईंनी तुम्हाला हात हलवला आहे. आईंना नमस्कार.

पत्र वाचण्याआधी झाकण उघडलंच असेल तुम्ही. आता ते पुन्हा लावा आणि डबा आणखी एकदा कानाशी धरून हलवा. या वेळी मी तो पुसलेला नाही.

तुमची सून