लाईन अजून तशीच आहे

शेवगाव,
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय स्नेहल,

कशी आहेस? कोपरगावच्या शाळेतल्या तुझ्या मुली आता सरळ शिलाई मारतात का? इकडे कपाशीला पाती लागलीय, तुझा दादा फवारणीच्या मागे आहे. गाय व्याली, कालवड झाली. आईंचं जेवणखाण ठीक चाललंय.

मेसेज सोडून वहिनीनं पत्र का पाठवलं, असं वाटलं असेल. मेसेज लिहायला घेते आणि पुसते. एक ओळ गेली की तू लगेच कॉल करणार, आणि कॉल आला की घरात काय होईल ते मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. सगळं वाच, मग काय ते कर.

आधी नेटचं सांगते. आपण फायबर घेतलं ते तुझ्यासाठीच. वस्तीवर मोबाईलला धड रेंज नाही, आणि तुला ऐकू येत नाही म्हटल्यावर साधा फोन काय कामाचा! तू नोकरीला गेलीस तेव्हा दादानं वर्षाचे पैसे एकदम भरले, 'अनलिमिटेड' म्हणून. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तू तिकडे, आई इकडे, आणि दोघींचे हात चालू. तव्यावर भाकरी करपली तरी आईंचं लक्ष नसायचं.

जूनमध्ये कंपनीचा मेसेज आला, 'आपल्या सोयीसाठी आपला प्लॅन सुधारित करण्यात आला आहे.' सोय कसली, तर थोडं वापरून झालं की दिवसभरासाठी स्पीड गळायचा. संध्याकाळी तुझा चेहरा दिसायचा, हातही दिसायचे, पण हलायचे नाहीत. तुझं आईंना कळेना, आईंचं तुला. चिडून तू कॅमेऱ्यावर हात ठेवलास, त्या दिवशी आई जेवल्या नाहीत.

लाईनवाला बिभीषण येऊन बघून गेला. "वहिनी, वायर चांगली हाय. वरनंच कमी केलंय, मी काय करू?"

मग आई आणि मी शेवगावच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, अनलिमिटेडच आहे. फक्त स्पीड कमी होतो."

"पाटाला पानी हाय म्हनायचं आन दार लावून घ्यायचं," आई म्हणाल्या, "त्यात रान भिजतंय व्हय?"

ती मुलगी हसली. तेव्हा आईंनी बोलणं थांबवलं आणि तिच्याशी हातांनी बोलायला लागल्या. तुझ्याशी बोलतात तसं, भराभरा. मधेच हात हवेत तसेच धरून ठेवले. ऑफिसातली सगळी माणसं बघत राहिली.

"माझ्या पोरीला हे असं दिसतंय. सांग, काय म्हनले मी?"

रांगेत मागे आबासाहेब उभे होते, ते बियाण्यांचे दुकानदार. त्यांचंही नेट असंच कापलेलं. त्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि ग्राहक मंचात तक्रार दिली. जुलै संपता संपता कंपनीनं गुपचूप पहिल्यासारखं करून टाकलं. तेही फक्त सह्या करणाऱ्यांचं. बाकीचे अजून बोंबलतायत.

होय, स्नेहल. आपली लाईन केव्हाच नीट झालीय. 'अजून तशीच आहे' असं मी तुला लिहीत राहिले, ते खोटं होतं.

नेट कापलेलं होतं त्याच दिवसांत आईंना अर्धांगाचा झटका आला. सकाळी धार काढून उठताना हातातली बादली सुटली आणि त्या गोठ्यातच बसल्या. दादानं लगेच नगरला नेलं. जिवावरचं टळलं. बोलणं थोडं जड झालंय, पाय ओढत का होईना चालतात. उजवा हात मात्र हलत नाही. मांडीवर ठेवला की तिथेच राहतो.

दवाखान्यात त्यांनी आम्हाला दोघांना बजावलं, "स्नेहलला कळवू नका. नोकरी सोडून पळत यील." मलाही पटलं. तू अजून कायम झालेली नाहीस. पण लाईन आली त्या दिवशी मी हौसेनं फोन त्यांच्यापुढे धरला, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तिला सांग, लाईन अजून तशीच हाय."

"आई, किती दिवस सांगणार?"

"मग काय दावू तिला? नुसतं तोंड?"

तेव्हा मला कळलं की हे नोकरीपुरतं नाही. तेव्हापासून कामात जीव लागत नाही. तुझं नाव स्क्रीनवर आलं की फोन पालथा घालते, अंगणात जाते, परत येते, परत बघते. दादा म्हणतो, आईचा शब्द आहे. मला वाटतं, आई तुझी पण आहे.

रविवारी दुपारी कॉल कर. आई रागावतील, रागावू देत. मी उचलणार आहे.

तुला खोटं लिहिलेली,
तुझी वहिनी
ज्योती

*

शेवगाव,
१९ ऑगस्ट २०२५

प्रिय स्नेहल,

तू कॉल ठेवलास तिथपर्यंतचं तुला माहीत आहे. तरी एक गोष्ट तुला कळली नसेल. आईंनी पदर तोंडावर घेतला तेव्हा तू 'आई' म्हणून ओरडलीस ना, ते आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. दादा गोठ्यातून पळत आला. त्या आवाजानंच त्यांनी पदर काढला.

डाव्या हातानं त्यांनी विचारलेलं 'जेवलीस का' तुला 'भांडलीस का' दिसलं, आणि तू किती हसलीस! त्याही हसल्या. फोन ठेवल्यावर मात्र मला म्हणाल्या, "माझा शब्द मोडलास." काल दिवसभर चहासुद्धा दादाच्या हातून घेतला.

आज सकाळी भाजी निवडत होते, तर हाक आली. "ज्योती, इकडं ये. 'पगार' डाव्या हातानं कसं दिसतंय, बघून सांग." मी समोर बसले. बोटं अडखळत होती, घाम आला होता, पण तुझ्या पगाराचं विचारायचंच आहे त्यांना. आत्ताही ओसरीवर तेच चाललंय.

तू कॉलवर मला विचारलंस, अजून काय लपवलंय? आई बघत होत्या म्हणून मी 'काही नाही' अशी मान हलवली. आता उत्तर देते. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलंय, उजवा हात पहिल्यासारखा होईल याची खात्री नाही. व्यायाम करायचा, आशा थोडी ठेवायची. हे दादाला आणि मला माहीत होतं, आता तुला. आईंना अजून नाही. त्या समजून आहेत की दिवाळीपर्यंत हात येईल.

सांगायचं की नाही, आणि कसं, ते तू ठरव. मला आता एकटीला पेलवत नाही.

तुम्हा दोघींच्या मधे अडकलेली,
तुझी वहिनी
ज्योती