वहीतलं ‘ठीक’

रावेर, ३ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास कौतिकचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर दोन वाक्यांत दम लागतो आणि पोरगा हेमराज स्पीकर लावून शेजारी बसतो, म्हणून हे पत्र. सिमेंटचे पत्रे कापताना तोंडाला रुमाल बांध, म्हणून तू ओरडायचीस. रुमाल हवा होता, ती धूळच भोवली, असं आता डॉक्टरीणबाईही म्हणतात. पण फुप्फुसाच्या आवरणाला कॅन्सर झाल्यावर.

जळगावला इम्युनोथेरपीची दोन औषधं एकत्र चालू आहेत. ओट्यापर्यंत चालत जातो आता. पण आठ दिवसांपासून रोज नऊ-दहा जुलाब होतात. असं झालं तर लगेच कळवा, असं नर्सने बजावलंय. कळवलं तर औषध बंद करतील, शेजारच्या खाटेवरच्या मोतीलालचं केलं तसं. म्हणून गुपचूप कुड्याची साल उगाळून घेतो आणि दवाखान्याच्या वहीत रोज ‘ठीक’ लिहितो. सोमवारी पुढचा डोस आहे, तो मी घेणारच.

हेमराजला सांगशील तर तुला माझ्या गळ्याची शपथ. लोभ आहेच, वाढव.

तुझा कौतिक


धुळे, ६ सप्टेंबर २०२४

चि. कौतिकला अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र दुपारी मिळालं. वाचून देवासमोर बसून रडले. लहानपणी सोनगीरला विहिरीत पोहायला जायचास तेव्हाही अशीच शपथ घालायचास, आणि मार मी खायची. शपथ मोडली तर भाऊ जातो म्हणतात. पाळली तर तू जाशील हे मला दिसतंय. पाप माझ्या माथी, त्याला काही होऊ देऊ नको, असं देवाला सांगितलं आणि हेमराजला फोन लावला. तुझं पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. तो म्हणाला, की मला तर आबा रोज ‘बठ्ठं बरं शे’, सगळं ठीक आहे, एवढंच सांगतात.

हे पोचेपर्यंत तू दवाखान्यात असशील. चिड माझ्यावर, बोलूही नकोस. पण काय काय घेतलंस ते डॉक्टरीणबाईंना सगळं सांग, कुड्यासकट. मला तू हवा आहेस, रे.

तुझी अक्का


रावेर, १४ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास सा. न.

महिनाभर लिहिलं नाही. रागच होता. आतड्याला मोठी सूज होती, औषधामुळेच. तो डोस घेतला असता तर जिवावर बेतलं असतं. आता जुलाब थांबलेत, पण एक औषध कायमचं बंद केलं. दुसऱ्याचं नंतर बघू म्हणतात.

मी डॉक्टरीणबाईंशी भांडलो. त्यांनी शांतपणे सांगितलं, की औषध आधी निवडक, धडधाकट माणसांवर तपासलेलं असतं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या, दमलेल्या माणसांचं खरं काय होतं ते त्या लिहून ठेवतात. मध्येच औषध थांबलं तरी काहींचा गुण टिकला, काहींचा नाही. माझं आत्ताच सांगता येत नाही. मग माझी वही काढून एकेका ‘ठीक’वर काट मारली. या नोंदींवर विसंबून आम्ही पुढच्या पेशंटला औषध देतो, म्हणाल्या. मी मान खाली घालून खरे आकडे सांगितले.

काल स्कॅन झाला. रोग वाढला नाही, कमीही नाही. बाई खूश झाल्या. मला काय वाटावं तेच कळेना. पुढचा स्कॅन डिसेंबरात.

अक्का, मला मरायची फार भीती वाटते. हे कोणालाच बोललो नाही, हेमराजला तर नाहीच. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा कौतिक

ता. क. पत्र टाकायला हेमराजकडेच देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही.