एक्केचाळीस नंबरचा तुकडा

५ फेब्रुवारी १९७९, सोमवार

आज हजर झालो. येवल्याहून पहाटेची एस.टी. धरली आणि साडेनऊला नाशिकजवळच्या या छावणीच्या फाटकात उभा! ड्राफ्ट्समनची कायम नोकरी, राहायला क्वार्टर, खिडकीबाहेर लिंबाचं झाड. काम मोठं मजेचं आहे. पाणी, वीज, रस्ते, दारूगोळा, प्रत्येक खात्याचा नकाशा वेगळा. एक पाइप पुरतो, दुसरा त्यावरच भिंत घालतो. मी सगळ्यांचा मिळून एक नकाशा करायचा आणि चौघांच्या सह्या घ्यायच्या. टेप धरायला भिमाजी नावाचा जुना शिपाई मिळालाय, सायखेड्याचा. दुपारी त्याने आपली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली.

९ फेब्रुवारी

चारही नकाशे एकावर एक ठेवले. एक्केचाळीस नंबरच्या तुकड्याला पाइप, तारा, रस्ता, सगळेच वळसा घालतात. एकशे चाळीस फूट लांबरुंद गवत, भोवती काटेरी तार. कारण एकाही फायलीत नाही. मेजरसाहेब म्हणाले, रिकामाच आहे तर नवं गोदाम तिथं घेऊ, सोमवारी मापं द्या.

१० फेब्रुवारी

भिमाजी त्या तुकड्यात यायला तयार नाही. कारण त्यानेच सांगितलं. चार वर्षांपूर्वी माझ्या जागेवर कारभारी आडनावाचा ड्राफ्ट्समन होता. तो मापायला आत गेला, भिमाजी बाहेर उभा. कारभारी आतून हात हलवत राहिला, पण बाहेर येईना. भिमाजी घाबरून पळाला. ऑफिसात लिहिलं गेलं, कारभारी नोकरी सोडून गेला.

"लय चुकलं माझं, साहेब," म्हणाला आणि रडायलाच लागला.

मापं तर द्यायलाच हवीत. मी एकटा जाईन.

१२ फेब्रुवारी, दुपार

तुकड्यातच बसून लिहितोय. मधोमध खुंटी ठोकली, कुंपणापासून बरोबर सत्तर फूट. परत निघालो. सत्तर भरले. शंभर. तीनशे. तार समोर दिसते, तेवढीच लांब. पलीकडे भिमाजी उभा आहे. त्याचं तोंड हलतंय, आवाज येत नाही.

१२ फेब्रुवारी, नंतर

चारी दिशांना चाललो. सावली पायाखालून हललेली नाही.

भिमाजी आता दिसत नाही.

तारीख?

कारभारी भेटला. गवतात बसून फूट मोजत होता. म्हणतो, आज सकाळीच आत आलो, भिमाजी थांबलाय ना बाहेर? त्याची दाढी छातीवर आलीय.

मी माझ्या हनुवटीला हात लावला —

कुंपणाशी कुणीतरी आहे. म्हातारा. डोकं पांढरंफेक. कमरेला दोर बांधतोय, दुसरं टोक खांबाला —

भिमाजी! आम्हाला न्यायला आलाय. कारभारी नाचतोय. मी दोन्ही हातांनी नको नको करतोय. त्याला वाटतं, बोलावतोय.

तार उचलली. वाकला —

नको, भिमाजी, मागे फीर, अजून एक पाय बाहेर आहे तुझा, अजून