पिवळ्या पिशवीतली सुई

१० फेब्रुवारी, सोमवार

सुई टोचली. उजव्या हाताच्या मधल्या बोटात.

वॉर्डातली कचऱ्याची पिवळी पिशवी भरली होती — रक्ताचे बोळे, पट्ट्या. तोंड बांधायला जागा उरेना, म्हणून भाताचं पोतं दाबतात तशी हातानं दाबली. आत कुणीतरी सुई टाकलेली. सुयांचा पांढरा डबा शेजारीच असतो! हातमोजे होते, पण ते पातळ.

आणि मी काय केलं? मोजा ओढून काढला, बोट तोंडात घातलं. माशाचा काटा रुतला की चोखायचं, ही जन्माची सवय. विनिता सिस्टर धावली. "कमलबाय, तोंडातून काढ ते! साबण लाव, नळाखाली धर." मग विचारलं, काविळीची लस घेतली होतीस ना? म्हटलं, तुम्हांला दिली तेव्हा आम्हांला कुणी बोलावलं नाही. आम्ही कंत्राटाची माणसं. तिनं नळ आणखी सोडला.

सुई कुणाची, कळायला मार्ग नाही. माझं रक्त काढून घेतलं, गोळ्या दिल्या.

११ फेब्रुवारी

मोरजीहून लेकीचा, सुविधाचा फोन. तिला नववा महिना लागलाय. पुन्हा तेच — तू येऊ नको, न्हाऊ घालायला बाई ठरवलीय. आई जिवंत असताना परकी बाई! का, विचारलं तर म्हणे तुझी ड्युटी असते.

बोटाचं बोलले नाही. आता तिनं बोलावलं असतं तरी बाळाला हात लावायला धजले नसते.

१२ फेब्रुवारी

माझं ताट, माझा पेला वेगळा काढून ठेवला. मग हसू आलं. एकटीच्या घरात वेगळा कुणापासून?

१३ फेब्रुवारी

हॉस्पिटलच्या भिंतीवरचा काविळीचा तक्ता उभ्यानं वाचला. पुड्यांचे कागद वाचत अक्षरं शिकले मी, सावकाश वाचते. शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं ती होत नाही. स्वच्छ लिहिलंय.

तरी शेजारची देवकी बाजाराला जाताना लहानग्या सिद्धीला ठेवायला आली, तर अंगात कसर आहे म्हणून परत पाठवली. घर फारच गप्प.

१५ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, हिपॅटायटिस बी, म्हणजे तीच कावीळ आहे, पण या सुईनं नाही. इतक्या लवकर रक्तात दिसत नाही. आधीपासूनचं आहे, कदाचित कितीतरी वर्षांचं. घाबरू नका, तपासत राहा. मग विचारलं, यजमान कशानं गेले?

लिव्हरनं.

अनंत खाणीवर ट्रक चालवायचा. दारूच्या थेंबाला शिवला नाही कधी. तरी तेराव्याला आलेली माणसं कुजबुजली — चोरून पीत असणार. डॉक्टर म्हणाले, खात्रीनं सांगता येत नाही, पण यानंही लिव्हर जातं. मान खाली घालून ऐकलं. हे ऐकायला तो हवा होता.

मुलीला नववा लागलाय म्हटल्यावर म्हणाले, तिला आजच सांगा, तिचंही रक्त तपासायला हवं. आईकडून बाळंतपणात बाळाला जातं. जन्मल्याबरोबर इंजेक्शनं दिली तर बहुतेक टळतं.

१६ फेब्रुवारी

काल सांगायचं होतं. फोन हातात घेतला, खाली ठेवला. आजही तेच. बाप गेला, आणि आईनं हे दिलं असेल — कुठल्या तोंडानं बोलू?

पण ते बाळ.

१७ फेब्रुवारी

सांगितलं. सुविधा म्हणाली, "माका ठावक आसा, आई. माझ्याय रगतात आसा. तिसऱ्या म्हयन्यातच कळलां. बाळाच्या इंजेक्शनांचा सगळा ठरलेला आसा. तू हॉस्पिटलातली, इंजेक्शनां बघून इचारलं असतंस. माझ्याकडनाच पोरीक इलां म्हणान रडत बसली असतंस. म्हणान येव नको म्हटलां."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"त्या ठरवलेल्या बाईक नको म्हणान कळवतंय," ती म्हणाली. "तू ये."