आधी सासऱ्यांचा निकाल लावा

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत आणि भावोजींचा खोकला कसा आहे? (दोन्ही पाहुणे आले की वाढतात असं आमच्या हिने मागे निरीक्षण नोंदवलं होतं, पण ते सोड.) इकडे आम्ही सगळे ठणठणीत. मात्र 'सगळे' म्हणजे नेमके कोण कोण, हे परवापर्यंत कोर्टालाही सांगता येत नव्हतं. ती हकिकत मी स्वतः सांगितलेली बरी, नाहीतर ती तुला भलत्याच तोंडून कळेल आणि तू आठवडाभर फोन उचलणार नाहीस.

तुला ठाऊकच आहे, आम्ही दत्तक घेणार आहोत ती नऊ वर्षांची मुलगी सुट्टी लागल्यापासून आमच्याकडे राहते आहे. कायदा म्हणतो, आधी काही महिने एकत्र राहून बघा, मगच कायमचं काय ते ठरवा. (लग्नाच्या वेळी ही सोय का नव्हती, असं तुझी भावजय विचारते. ती लोकांना गाडी शिकवते, त्यामुळे ब्रेक न तपासता निघालेली कुठलीही गोष्ट तिला मानवत नाही.) मुलगी गुणी आहे. बोलते कमी, बघते फार. आल्या दिवसापासून तिने आपली बॅग पूर्ण रिकामी केलेली नाही. आम्ही तो विषय काढत नाही, आणि काढत नाही हे तिला दिसेल इतक्या उघडपणे काढत नाही.

तर शेवटच्या पाहणीला बालकल्याण खात्याच्या निरीक्षक बाई आल्या. बाई सज्जन, पण कलमांवर जगणाऱ्या. मुलाला भीती वाटेल अशी वस्तू उघड्यावर नसावी, असं एक पोटकलम आहे. बाईंनी माझ्या कामाच्या खोलीतलं कपाट उघडलं आणि आतून तीस-पस्तीस कवळ्या त्यांच्याकडे बघून हसल्या. मी दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवतो हे अर्जात लिहिलं होतं, पण वाचणं वेगळं आणि कवळ्यांनी दात काढणं वेगळं. त्यावर मुलीने शांतपणे सांगितलं की त्यातली मधली कवळी तिने स्वतः घासून गुळगुळीत केली आहे. बाईंनी पाणी मागितलं. एवढ्यावर निभावलं होतं गं.

पण पुढचं कलम असं, की घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाशी बंद दाराआड, एकट्याने बोलायचं. आमच्या घरात तिसरं सज्ञान माणूस म्हणजे माझे सासरे. त्यांना एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कानाने हवं तेवढंच येतं. 'दत्तक', 'नवं घर', 'तुमची हरकत आहे का' एवढे तुकडे त्यांच्या कानी पडले आणि त्यांनी ठाम समज करून घेतला की आम्ही त्यांनाच दत्तक देतो आहोत.

आता एखादा माणूस संतापला असता. सासरे अटी घालू लागले. नवं घर तळमजल्यावर हवं. बुद्धिबळ खेळणारं कुणीतरी हवं, आणि ते हरणारं हवं. जावई कुठल्याही धंद्यातला चालेल, दात सोडून. बाईंनी सगळं इमानदारीने उतरवून घेतलं. (मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, इच्छा व्यक्त झाली की नोंद करावीच लागते.)

पंधरवड्याने खात्याचं उत्तर आलं. सासऱ्यांचं प्रकरण दाखल झालं होतं! वयाची अट शिथिल करण्याबाबत विचार चालू होता, मात्र जन्मदात्यांची लेखी संमती जोडलेली नव्हती. ते सापडत नसल्यास वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी, म्हणे. सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे! आणि खाली मुख्य वाक्य: ज्या घरातून एक व्यक्ती दत्तक जात आहे, त्या घरात दुसरी आणता येत नाही. आधी त्या व्यक्तीचा निकाल लावावा, तोवर मुलीचं प्रकरण स्थगित.

त्या दिवशी मुलीने बॅगेची चेन लावलेली मी पाहिली. तुझी भावजय स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ एकच भांडं घासत होती.

आम्ही सासऱ्यांना नाना परींनी समजावलं, अर्ज मागे घ्या म्हणून विनवलं. पण त्यांना आता गैरसमज दूर व्हायलाच नको होता. आपल्यासाठी सरकार घर शोधतंय, हे त्यांनी शेजाऱ्यांनाही सांगून टाकलं होतं. म्हणाले, इथे मला कुणी विचारून ठेवलंय थोडंच, तुमची सासू गेली तेव्हा सामानाबरोबर आलो.

सुनावणीला न्यायाधीश बाईंनी दोन्ही प्रकरणं एकदमच घेतली. विशिष्ट वयाच्या मुलाची स्वतःची संमती लागते, म्हणून मुलीला आधी विचारलं. ती म्हणाली, तिला आधी आजोबांशी बोलायचंय. परवानगी मिळाली. ती त्यांच्या बऱ्या कानाशी गेली, पण तिथे मोठ्यानेच बोलावं लागतं, त्यामुळे सगळ्या कोर्टाने ऐकलं.

"मी तीन घरं बदललीयत," ती म्हणाली. "निघताना कुणीच थांब म्हणत नाही. मी म्हणते. तुम्ही थांबा."

सासऱ्यांनी खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि न्यायाधीश बाईंना सांगितलं की त्यांची पहिल्यापासूनच कुठे जायची इच्छा नव्हती, खात्याचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो.

मग न्यायाधीश बाईंनी मुलीला विचारलं, की हे दोघे आईवडील म्हणून हवे आहेत का. तिने आमच्याकडे नीट, डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. डॉक्टरही माझ्या कवळ्या इतक्या बारकाईने तपासत नाहीत.

"चालतील," ती म्हणाली.

तुझी भावजय रडली. मी रडलो नाही, माझ्या चष्म्याची काच खराब झाली होती.

तुझा,
धाकटा

ता.क. एक लहानशी गोष्ट राहिली. अंतिम आदेशाआधी, आम्हा दोघांचं काही बरंवाईट झालं तर मुलीला कोण सांभाळणार, ते नाव द्यावं लागतं. तुझं दिलंय. विचारणार होतो, पण तू विचार करायला वेळ मागितला असतास.

ता.क. दुसरा. निरीक्षक बाई गुरुवारी तुमच्याकडे पाहणीला येतील. तू आणि भावोजी कधीच भांडत नाही असं मी लिहून दिलंय, तेव्हा भावोजींना त्या दिवशी कुठेतरी पाठव. तू मायाळू आहेस हे मात्र लिहिलं नाही. ते बाईंनी प्रत्यक्ष बघावं असं वाटलं.

ता.क. तिसरा. सांभाळायला नाही म्हणायचं असेल तर कायद्याने तुला तशी मुभा आहे. पण वकिलाला विचारून घेतलंय, आत्या होण्याला नाही म्हणायची सोय कुठल्याही कलमात नाही.